गज वगळलेलें चित्र

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. महाविद्यालयांत असतांना तर्कशास्त्राच्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसून वहीच्या समासांत पक्ष्यांचीं चित्रें काढीत असे, आणि त्याबद्दल आम्हीं त्यास एकदोनदां वर्गाबाहेरही घालविला होता. पुढें त्यानें पदवी घेतली, कांहीं वर्षें लग्नमुंजींचीं छायाचित्रें काढून पोट भरलें, आणि अखेर एका प्राणिसंग्रहालयांत छायाचित्रकाराची जागा मिळविली. नवीं पिल्लें झालीं कीं त्यांची चित्रांत नोंद ठेवणें, पशुवैद्यास एखाद्या जखमेचें चित्र हवें असल्यास तें पुरविणें, फलकांसाठीं व पुस्तिकांसाठीं चित्रें काढणें, आणि वर्षाअखेर दिनदर्शिकेस बारा देखणीं चित्रें देणें असें त्याचें काम. आम्हीं त्याचें मनापासून अभिनंदन केलें. ज्यास लहानपणापासून पशुपक्ष्यांची ओढ, त्यास त्यांच्याच सहवासांत राहण्याचा पगार मिळावा, ह्यापरतें भाग्य तें कोणतें?

परंतु त्याच्या तोंडावर भाग्यवंताची कळा दिसेना. चहा झाल्यावर त्यानें आपण होऊन जी हकीकत सांगितली ती अशी. त्यांच्या येथें एक वृद्ध वाघीण होती. तिचा जन्म तेथलाच. सतरा वर्षें ती एकाच आवारांत राहिली आणि पावसाळ्याच्या अखेरीस मेली. वर्तमानपत्रांनीं तिचें चित्र मागितलें, तें त्यानें दिलें. मग तिला रोज खाऊं घालणारा रखवालदार त्याच्या खोलीच्या दारांत येऊन उभा राहिला. त्यास घरीं लावावयास तिचें एक चित्र हवें होतें. "मीं माझ्या मतें सर्वांत उत्तम असलेलें चित्र त्याला दिलें," आमचा विद्यार्थी म्हणाला. "त्यानें तें बराच वेळ पाहिलें आणि परत माझ्या हातांत ठेवलें. म्हणाला, 'साहेब, वाघ चांगला आहे. पण ही आमची बाई नव्हे.' मग मीं सगळींच चित्रें काढून पाहिलीं. सहा वर्षांत तिचीं चारशेंवर चित्रें मीं घेतलीं आहेत. एकांतही गज नाहीं, जाळी नाहीं, सिमेंटचा हौद नाहीं, येरझारा घालून घालून तिनें जाळीकडेनें पाडलेली ती उघडी वाट नाहीं. सगळीकडे ती जंगलची राणी! सर, तिचें खरें चित्र माझ्याजवळ एकही नाहीं. सहा वर्षें मी खोटें बोलत होतों काय?"

आयुष्यभर सत्यासत्याची लक्षणें शिकविणाऱ्या मनुष्यास ह्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ देतां यावयास हवें होतें. आम्हांस तें देतां आलें नाहीं. तेव्हांपासून जें मनांत घोळत राहिलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं ह्या धंद्यांतली कारागिरी थोडी समजून घेतली पाहिजे. कारण नीतीचा प्रश्न येथें कारागिरीच्या पोटींच जन्मला आहे. आमच्यासारख्या सामान्य मनुष्यानें जाळीबाहेर उभें राहून वाघाचें चित्र काढलें, तर वाघाच्या तोंडावर तारांचें जाळें पडतें आणि चित्र फुकट जातें. धंदेवाईक छायाचित्रकार तसें होऊं देत नाहीं. तो भिंग जाळीला जवळजवळ टेकवितो, भिंगाचें छिद्र होईल तितकें मोठें करितो, आणि जनावर जाळीपासून दूर, आवाराच्या मागील अंगास जाईपर्यंत वाट पाहतो. भिंगाची दृष्टि अशी दूरच्या वस्तूवर बसली म्हणजे अगदीं निकटची तार इतकी अस्पष्ट होते कीं ती चित्रांतून विरून जाते. जाळीवर ऊन पडून ती चकाकत असेल तर तिचें पांढरें धुकें सबंध चित्रावर पसरतें. म्हणून तेवढ्या भागावर तो हातानें किंवा टोपीनें सावली धरितो. मध्यें कांच असेल तर तो काळे कपडे घालून जातो, नाहीं तर वाघाच्या पोटावर छायाचित्रकाराचाच पांढरा सदरा उमटावयाचा! मागची भिंत, पाण्याचा नळ, खाण्याचें घमेलें हीं चौकटीबाहेर ठेवावीं लागतात. आणि सर्वांत अवघड म्हणजे जनावर मान वर करून, क्षणभर आपल्या जातीस शोभेल असें उभें राहीपर्यंत तासन् तास थांबावें लागतें. दुपारीं वाघ झोंपतो, आणि झोंपलेला वाघ दिनदर्शिकेवर कोणासच नको असतो. म्हणजे ह्या विद्येचें सार काय? तर गज नाहींसे करणें. जो गज अधिक सफाईनें नाहींसे करील तो अधिक कुशल. लोखंड मात्र जागच्या जागीं राहतें. तें आपल्या डोळ्यांपुरतें विरतें, वाघाच्या डोळ्यांपुरतें विरत नाहीं.

कोणी म्हणेल, ह्यांत वावगें तें काय? कोणतेंही चित्र म्हणजे निवड. सगळें जग चौकटींत मावत नाहीं. कांहीं घ्यावें लागतें, कांहीं टाकावें लागतें. हें म्हणणें खरें आहे, आणि टाकण्यालाच असत्य म्हटलें तर सर्व कलांस कुलूप लावावें लागेल. आमच्या पणजोबांच्या काळचीं छायाचित्रें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं आठवावींत. पगडी, उपरणें, हातांत काठी, शेजारीं तिवईवर फुलदाणी, आणि पाठीमागें रंगविलेल्या पडद्यावर संगमरवरी खांब व कारंजें! पणजोबा राहत असत वाड्यांतल्या दोन काळोख्या खोल्यांत. कारंजें त्यांनीं जन्मांत पाहिलें असेल कीं नाहीं कोण जाणे. तरी त्या चित्रास आपण खोटें म्हणत नाहीं. कारण पडदा हा पडदा आहे हें चित्र काढणारास, काढवून घेणारास व पाहणारास, तिघांसही ठाऊक होतें. उलट, लग्नाच्या वाटाघाटींत मुलीच्या घरीं धाडावयाच्या चित्रांत वराचें वय दहा वर्षांनीं पुसून टाकलें, तर तें मात्र असत्य. मग पुसणाऱ्याचा हात कितीही कुशल असो. कारण त्या चित्राच्या भरंवशावर दुसरें कोणी आपल्या आयुष्याचा निर्णय करणार असतें, आणि काय पुसलें आहे तें त्यास ठाऊक नसतें.

ह्यावरून आमच्या मतें पहिला निकष हातीं येतो तो असा. वगळणें हें स्वतः असत्य नव्हे. जें वगळलें तें वगळल्याचें पाहणारास ठाऊक नसेल, आणि त्या अज्ञानावर विसंबून तो कांहीं निर्णय करणार असेल, तर तें वगळणें असत्य होय. २००९ सालीं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या वन्यजीव-छायाचित्रस्पर्धेंत, रात्रीं कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या एका लांडग्याच्या चित्रास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. पुढें २०१० च्या जानेवारींत, तो लांडगा रानांतला नसून माणसाळविलेला असण्याचा फार संभव आहे असें ठरवून परीक्षकांनीं तें काढून घेतलें. छायाचित्रकारानें तो आरोप नाकारला. तो वाद येथें आपल्याला सोडवावयाचा नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, चित्रांतील एक रेघही ह्या दोन निर्णयांच्या मध्यें बदलली नव्हती. लांडगा तोच, झेप तीच, चांदणें तेंच. बदललें होतें तें चित्राबाहेरचें ज्ञान. चित्राचें सत्य चौकटीच्या आंतच असतें असें मानणारांनीं ह्या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

परंतु ह्या निकषानें आमच्या विद्यार्थ्याची मुक्तता होते असें दिसतें! प्राणिसंग्रहालयाच्या दिनदर्शिकेवरील वाघ प्राणिसंग्रहालयांतलाच असणार हें शहाण्या मनुष्यास सांगावयास नको; मग फसवणूक कोणाची? असें समाधान करून घेऊन आम्हीं हा विषय मिटविलाही असता. पण रखवालदाराचे ते शब्द मिटूं देईनात. त्यास कोणीं फसविलें नव्हतें. गज कोठें आहेत तें त्याच्याइतकें कोणास ठाऊक? तरीही तो म्हणाला कीं, ही ती नव्हे. म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होत नसतांही चित्र कोणाशीं तरी अप्रामाणिक असूं शकतें. तें कोणाशीं?

ह्याचें उत्तर शोधतांना आम्हांस टास्मानिया बेटांतील एका नष्ट झालेल्या प्राण्याची कथा फार उपयोगी पडली. थायलसिन हें त्याचें नांव. पाठीवर वाघासारखे पट्टे, तोंड कुत्र्यासारखें, आणि पिलांसाठीं कांगारूसारखी पिशवी. मेंढ्या मारतो म्हणून तेथील सरकारनें १८८८ पासून १९०९ पर्यंत त्याच्या शिरावर इनाम लाविलें होतें; प्रौढ जनावरामागें एक पौंड. अशीं दोन हजारांवर इनामें दिलीं गेलीं. पुढें १९२१ सालीं हेन्री बर्रेल ह्यांनीं घेतलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें: थायलसिन, आणि त्याच्या जबड्यांत कोंबडी. हें चित्र दूरवर पसरलें, आणि कोंबडीचोर अशी त्या प्राण्याची अपकीर्ति दृढ होण्यास त्यानें हातभार लाविला असावा असें अभ्यासक म्हणतात. आतां मौज अशी कीं, मूळ चित्रांत जनावराभोंवतीं कुंपण आणि निवाऱ्याचें बांधकाम होतें; पसरलेल्या चित्रांतून तो भाग कापून टाकलेला होता. इतकेंच नव्हे, तर तें जनावर जिवंतच नव्हतें, पेंढा भरून उभें केलेलें होतें, असाही एका संशोधनाचा निष्कर्ष आहे.

धर्मराजाची गोष्ट वाचकांस येथें सहज आठवेल. द्रोणाचार्यांस अश्वत्थामा मेला असें त्यानें मोठ्यानें सांगितलें, आणि मेला तो हत्ती होता हें सांगणारा शब्द हलक्या आवाजांत उच्चारला. वाक्य पुरें होतें. ऐकूं गेलें तेवढें अपुरें होतें. तेव्हांपासून त्याचा भूमीच्या चार अंगुळें वर चालणारा रथ जमिनीस टेकला अशी कथा आहे. थायलसिनच्या चित्राची कड ज्या कात्रीनें कापली तिनें नेमकें हेंच केलें. चित्रांत होतें तें होतें. 'कुंपणाच्या आंत' हा शब्द तेवढा हलक्यानें उच्चारला गेला. कापणाऱ्याचा हेतु काय होता ह्याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. परिणाम असा झाला कीं, बंदींत असलेलें किंवा बहुधा मेलेलें एक जनावर चोरीच्या गुन्ह्यांत पकडलेलें दिसूं लागलें. आणि आपली बाजू मांडण्यास त्यास वाचा नव्हती.

ह्याच प्राण्याचें दुसरें एक चित्र आहे. १९३३ सालीं डेव्हिड फ्ली ह्या निसर्गाभ्यासकानें होबार्ट येथील प्राणिसंग्रहालयांत थायलसिनचें चलच्चित्र घेतलें. घेतां घेतां त्या जनावरानें त्यास मागून कडकडून चावाही घेतला. सुमारें मिनिटभराचें तें चित्र आहे. त्यांत गज चुकविण्याची कांहीं खटपट नाहीं. तारांची जाळी, उघडें आंगण, आंत येरझारा घालणारें व जबडा पसरून जांभई देणारें जनावर, बस्, एवढेंच. त्याच संग्रहालयांतील शेवटचा थायलसिन ७ सप्टेंबर १९३६ रोजीं मेला. रात्रीं आंतल्या निवाऱ्यांत जातां न आल्यामुळें उघड्यावर गारठून मेला असें सांगतात. सरकारनें त्या जातीस संरक्षण दिलें होतें तें त्याच वर्षीं १० जुलै रोजीं, म्हणजे केवळ ५९ दिवस आधीं. आज तें मिनिटभराचें चित्र पाहतांना मनुष्य गप्प होतो, तो त्या जनावराच्या सौंदर्यानें नव्हे. त्या जाळीमुळें त्या चित्रास साक्षीचें मोल आलें आहे. त्या जाळीला कोणीं कात्री लाविली असती तर आपणांस एक विचित्र प्राणी दिसला असता. त्याला आपण काय केलें तें दिसलें नसतें.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील क्वागा मादीची गोष्ट ह्याच जातीची. दक्षिण आफ्रिकेंतील हा झेब्ऱ्याचा एक प्रकार. पुढच्या अंगावर पट्टे आणि मागचें अंग सरळ तपकिरी. जिवंत क्वागाचीं जगांत जीं थोडीं छायाचित्रें आहेत तीं सारीं ह्या एकाच मादीचीं, १८६३ ते १८७० ह्या काळांत घेतलेलीं. ती १८७२ सालीं मेली, आणि आम्स्टर्डामच्या संग्रहालयांतील शेवटची क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजीं मेली. लंडनच्या चित्रांत ती बागेच्या आवारांत निमूट उभी आहे. आफ्रिकेचें कुरण तेथें कोणीं रंगविलेलें नाहीं. छायाचित्रकारांस तेव्हां कल्पनाही नसेल कीं आपण एका जातीच्या मृत्युपत्रावर साक्ष घालीत आहों. परंतु साक्षीदारास खटल्याचें महत्त्व ठाऊक असावें लागतें असें थोडेंच आहे? त्यानें जें पाहिलें तें सांगितलें म्हणजे झालें.

येथवर आलेला वाचक म्हणेल, मग ठरलें, गज दाखवावे. परंतु इतकें सोपें तें नाहीं. गज दाखविले कीं सत्य सांगून झालें असेंही नव्हे. खाण्याच्या वेळीं फाटकाशीं उत्सुकतेनें येऊन उभ्या राहिलेल्या माकडाच्या मुठी गजांवर पडतात. तेवढाच क्षण टिपला तर तो जन्मठेपेच्या कैद्याचा आक्रोश दिसतो, आणि पाहणारा रुमाल डोळ्यांस लावतो. हेंही वगळणेंच, फक्त उलट्या बाजूचें. शिवाय गजांची सारी कथा काळीच आहे असें नाहीं. अरबस्तानांतील ओरिक्स नांवाचें शुभ्र हरिण १९७२ सालीं रानांतून पार नाहींसें झालें. संग्रहालयांत जोपासलेल्या कळपांतून तें १९८२ सालीं ओमानच्या वाळवंटांत पुन्हां सोडण्यांत आलें. मध्यंतरींचीं दहा वर्षें ती जात जगली ती गजांआडच. तेव्हां जो केवळ कीव यावी म्हणून गज दाखवितो, आणि जो केवळ शोभा यावी म्हणून गज लपवितो, ते दोघेही जनावराकडे पाहत नाहींत. आपल्या मनांत आधींच ठरलेल्या चित्रासाठीं ते त्या जनावरास उभें करितात.

आणि आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथें आहे. चित्रास आपण दोन पक्ष मानतों, काढणारा आणि पाहणारा. आणि त्या दोघांमध्यें फसवणूक झाली नाहीं म्हणजे व्यवहार चोख झाला असें समजतों. तिसरा पक्ष आपण विसरतों. ज्याचें चित्र काढलें तो. त्यास कोणीं विचारलें नाहीं, त्यास 'नाहीं' म्हणतां आलें नाहीं, आणि आपल्या नांवावर काय खपविलें जात आहे तें त्यास कधींच कळणार नाहीं. लंडनच्या त्याच बागेंतील ओबेश नांवाच्या पाणघोड्याचें १८५२ सालीं घेतलेलें एक छायाचित्र आहे. इजिप्तच्या पाशाकडून भेट म्हणून आलेल्या ह्या प्राण्याला पाहण्यासाठीं १८५० सालीं सारें लंडन लोटलें होतें. चित्रांत तो हौदाच्या कांठीं स्वस्थ पडला आहे, आणि मागें गज आहेत. पण त्या गजांमागें दाटीनें उभे आहेत ते प्रेक्षक! कॅमेरा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूस नेला, एवढ्यानें बंदी कोण हें पालटलेलें दिसतें. कॅमेरा कोठें ठेवावयाचा हें मात्र पाणघोड्यास कधींच ठरवितां आलें नाहीं.

ज्यास 'नाहीं' म्हणतां येत नाहीं त्याच्याशीं आपण कसें वागतों ह्याचें सर्वांत दुःखद उदाहरण प्राण्याचें नाहीं, माणसाचें आहे. १९०६ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांत काँगोंतून आणलेल्या ओटा बेंगा नांवाच्या तरुणास माकडघरांत लोकांपुढें ठेवण्यांत आलें. लोकांच्या झुंडी लोटल्या. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनीं कडक निषेध केला, तेव्हां त्याच महिन्यांत तें प्रदर्शन संपलें. पुढें दहा वर्षांनीं, १९१६ सालीं, त्यानें आपल्या हातानें आपला अंत करून घेतला. संग्रहालय चालविणाऱ्या संस्थेनें ह्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० सालीं. त्याचीं त्या बागेंत घेतलेलीं थोडीं छायाचित्रें आहेत. एकांत तो उघड्यावर, हातांत चिंपांझीचें पिलूं घेऊन उभा आहे. त्या चित्रांत माकडघराचे गज नाहींत. चित्र नीटनेटकें आहे. कोणीं इतिहास सांगितला नाहीं तर पाहणारास एवढेंच वाटेल कीं, हा कोणी प्राण्यांवर माया करणारा तरुण असावा. गज वगळलेलें चित्र काय करूं शकतें ह्याहून अधिक सांगावयास नको.

आपल्या पूर्वजांनीं गृहस्थाला नित्याचे जे पांच यज्ञ सांगितले त्यांत भूतयज्ञ हा एक आहे; जेवणापूर्वीं मुक्या जीवांसाठीं घांस काढून ठेवण्याचा. त्याच्या मुळाशीं दयेपेक्षां ऋणाची भावना अधिक आहे. आपण ज्यांच्यापासून घेतों त्यांचें कांहीं देणें लागतों, आणि तें त्यांनीं मागितलें नाहीं म्हणून फिटत नाहीं. प्राणिसंग्रहालयांतील छायाचित्रकार जनावरापासून त्याचें रूप घेतो, आणि त्यावर त्याचा चरितार्थ चालतो. ह्या ऋणाची फेड कशी व्हावी? आमच्या मतें एकाच रीतीनें: त्या जनावराचा जन्म जसा गेला तसा तो नोंदून ठेवून. सुंदर क्षण नोंदावा, कारण तोही त्याचाच होता. पण हौद, जाळी, घमेलें आणि ती येरझाऱ्यांची वाट हींही त्याचींच होतीं. चारशें चित्रांतलीं तीनशें नव्याण्णव गजांवांचून असोत. चारशेंवें गजांसह असलें पाहिजे, आणि प्रत्येकाखालीं हें जनावर कोठें जन्मलें व कोठें राहिलें हें लिहिलेलें असलें पाहिजे.

अमेरिकेंतील जोएल सार्टोरी ह्या छायाचित्रकाराच्या कामाचा ह्या दृष्टीनें आम्हांस मोठा आधार वाटला. पत्नीच्या कर्करोगाच्या आजारांत दूरचे प्रवास थांबले असतां त्यांनीं २००६ सालीं आपल्याच गांवच्या, नेब्रास्कांतील लिंकन येथील, मुलांच्या प्राणिसंग्रहालयांत एका केसरहित बिळवासी प्राण्याचें चित्र काढून आरंभ केला. आणि जगभरच्या संग्रहालयांतून हिंडून पंधरा हजारांवर जातींचीं चित्रें जमविलीं. मनूच्या नौकेसारखी ही चित्रांची नौका आहे. ते जनावरामागें सरळ काळी किंवा पांढरी पार्श्वभूमि ठेवितात. गज नाहींत हें खरें; पण खोटें रानही नाहीं. काळा पडदा हा पडदाच आहे, पणजोबांच्या कारंजाइतकाही तो कोणास फसवीत नाहीं. आणि त्याच्यापुढें उंदीर व वाघ सारख्याच मोठेपणानें उभे राहतात. २०१५ च्या जुलैंत चेक देशांतील द्वूर क्रालोवे येथील संग्रहालयांत त्यांनीं नाबीरे नांवाच्या उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याच्या मादीचें चित्र घेतलें. त्या जातीचे तेव्हां जगांत पांच उरले होते. आठवडाभरानें ती मेली, आणि चार राहिले. त्या चित्राखालीं तिचें नांव आहे, गांव आहे. गज वगळूनही ऋण फेडतां येतें तें असें. चित्रानें जें सोडलें तें शब्दांनीं सांभाळलें.

आतां आमच्या विद्यार्थ्यास उत्तर. बाबा रे, तूं खोटें बोलत नव्हतास. तूं अर्धें बोलत होतास, आणि उरलेलें अर्धें सांगणारें दुसरें कोणी नव्हतें. वाघीण बोलणार नव्हती. कचेरीला दिनदर्शिका हवी होती. आणि आम्हां प्रेक्षकांचें म्हणाल, तर ह्या व्यवहारांत सर्वांत मोठा अपराध आमचाच आहे. आमच्याच घरच्या संग्रहांत मुंबईच्या राणीच्या बागेंत काढलेलें एक जुनें चित्र आहे. आम्ही भावंडें ओळीनें उभीं, मागें अस्वलाचा पिंजरा. त्यांत आम्ही स्पष्ट आहों, गजही स्पष्ट आहेत. अस्वल तेवढें धुरकट आहे. गजांनीं चित्र बिघडविलें म्हणून लहानपणीं आम्ही हळहळत असूं. अस्वलासाठीं हळहळलों असल्याचें मात्र आठवत नाहीं. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असलेला मोबाइल आहे, आणि मुलांस घेऊन बागेंत जाणारा प्रत्येक गृहस्थ जाळीच्या भोंकांतून भिंग घालून वाघ 'स्वच्छ' मिळविण्याची खटपट करीत असतो. गज नाहींसे झालेले आपल्यालाच हवे असतात. छायाचित्रकार आपली इच्छा पुरवितो, इतकेंच. गज दिसले म्हणजे ते कोणीं घातले हाही प्रश्न दिसूं लागतो, आणि सुटीच्या दिवशीं तो कोणास नको असतो.

हें सर्व आम्हीं त्यास पत्रानें कळविलें. पंधरा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. त्या रखवालदाराच्या मोबाइलमध्यें वाघिणीचें एक चित्र निघालें. उजेड वाईट, चित्र हललेलें, एका कोपऱ्यांत त्याचाच अंगठा. वाघिणीनें गाल जाळीवर दाबून धरला आहे आणि तारांचे चौकोन तिच्या तोंडावर उमटले आहेत. मागें हौद दिसतो. संध्याकाळीं खाणें आणण्यापूर्वीं ती रोज अशीच उभी राहत असे म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यानें तें मोठें करून, चौकटींत बसवून रखवालदारास दिलें, आणि एक प्रत स्वतःच्या संग्रहांत, आपल्या चारशें चित्रांच्या शेवटीं लाविली. खालीं तिचें नांव, जन्माचें व मृत्यूचें साल, आणि आवाराचा क्रमांक घातला आहे. "दिनदर्शिकेंत हें कोणी घेणार नाहीं," तो लिहितो, "पण आतां कोणीं विचारलें ती कोठें राहत होती, तर दाखवावयास कांहीं आहे."